पाणी ओतून देण्याआधी

गेल्या मे महिन्यात आमच्या वस्तीवरच्या हौदातलं साडेतेरा हजार लिटर पाणी मी स्वतः उभं राहून सोडून दिलं. चार दिवसांनी पुन्हा तेवढंच सोडलं. पाणी वाया गेलं नाही, नारळांना आणि लिंबाच्या बागेला गेलं. तरीही पंप चालू करताना हात जड झाला होता, कारण ते पाणी सोडायची वेळ यायलाच नको होती. हा लेख मी त्या पाण्यासाठी लिहिते आहे.

आमची वस्ती श्रीरामपूरपासून पाच किलोमीटरवर, उसाच्या मधोमध. मी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. मुलाने तीन वर्षांपूर्वी नव्या घराच्या मागे पोहायचा छोटा तलाव बांधला. वीस फूट लांब, बारा फूट रुंद, चार फूट पाणी. नातवंडं त्याला पूल म्हणतात, मी हौदच म्हणते. गणित सोपं आहे: ९६० घनफूट, म्हणजे सुमारे सत्तावीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे पावणेतीन टँकर.

टँकरचा हिशोब मी मुद्दाम सांगते. आमच्या भागाला प्रवरेचा डावा कालवा आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, ओझरच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले आणि या पट्ट्यात ऊस उभा राहिला. कालव्याला आवर्तन आलं की आमच्या विहिरीला पाझर फुटतो, आवर्तन लांबलं की विहीर तळ दाखवते. त्याच अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डीकडे उन्हाळ्यात बाया टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये निळवंडे आणि मुळा धरणांतून जायकवाडीला पाणी सोडलं, तेव्हा इथल्या प्रत्येक ओट्यावर टीएमसीचा हिशोब चालला होता. जिथे घोटाघोटाचा हिशोब होतो तिथे घरामागे सत्तावीस हजार लिटर पाणी बाळगायचं असेल, तर ते एकदा भरून वर्षानुवर्षं टिकवलं पाहिजे. फक्त उडालेली वाफ तेवढी भरायची. हे करता येतं. पण त्यासाठी पाण्यातला क्लोरीन स्थिर राहावा लागतो, आणि तो स्थिर ठेवायला पावडरच्या गोणीपेक्षा मोजायच्या दोन कुप्या जास्त कामाच्या असतात. हल्ली आमच्या भागात फार्महाऊसवर, नव्या बंगल्यांत, कृषी पर्यटन केंद्रांत असे तलाव वाढताहेत. बहुतेक ठिकाणी गोण्या दिसतात. कुप्या दिसत नाहीत.

आमच्याकडे काय झालं ते आधी सांगते.

फेब्रुवारीत मी लेकीकडे पुण्याला गेले ती मेपर्यंत तिकडेच होते. हौदाचं काम मुलाकडे आणि शेतावरच्या गड्याकडे. रोज संध्याकाळी गडी टीसीएल पावडर बादलीत कालवून हौदात टाकायचा. टीसीएल म्हणजे आपल्या ग्रामपंचायती विहिरीत आणि टाकीत टाकतात तीच ब्लीचिंग पावडर, ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. फेब्रुवारीच्या मध्यापासून मुलाची तक्रार सुरू झाली: संध्याकाळी टाकलेला क्लोरीन सकाळी गायब. तो शहरातल्या एका दुकानदाराकडे गेला. दुकानदार म्हणाला, "ऊन लागतंय, क्लोरीन उडतोय. गोळ्या टाका, त्यात स्टॅबिलायझर असतो." दोनशे ग्रॅमच्या पांढऱ्या गोळ्या, आठवड्याला तीन, तरंगत्या डब्यात घालून सोडायच्या. मुलाने तसंच केलं. अकरा आठवडे.

मेच्या सुरुवातीला सुनेचा फोन आला: "आई, पाणी हिरवं पडलंय. किटमध्ये तर क्लोरीन भरपूर दाखवतंय. पोरांचे डोळे लाल होतात म्हणून पोहणं बंद केलंय." मी येताना पुण्याहून चांगली परीक्षापेटी घेऊन आले.

आता उन्हाबद्दल. दुकानदाराचं म्हणणं सर्वसाधारणपणे खोटं नव्हतं. क्लोरीन पाण्यात मिसळला की हायपोक्लोरस आम्ल आणि त्याचा हायपोक्लोराइट आयन तयार होतो. भर दुपारच्या उन्हातले अतिनील किरण हा आयन फोडतात. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यातला निम्मा क्लोरीन तासाभराच्या आत जातो. चाळीस-बेचाळीस अंशांचा आपला मे महिना धरला तर उघड्या हौदात सकाळी टाकलेला क्लोरीन दुपारच्या जेवणापर्यंत टिकत नाही. यावर उपाय सायन्युरिक आम्लाचा. ते क्लोरीनला सैल धरून ठेवतं, उन्हापासून जपतं आणि गरज पडेल तसं सोडतं. लिटरमागे तीस ते पन्नास मिलिग्रॅम असलं की पुरतं. लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम. पुढे मी तेच म्हणेन.

पण सायन्युरिक आम्ल उडत नाही, कुजत नाही, गाळणीत अडकत नाही. क्लोरीन खर्च होतो, हे मागे उरतं. गोळीचं नाव ट्रायक्लोर, आणि तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग सायन्युरिक आम्लाचाच. आमच्या हौदात एक गोळी विरघळली की त्याचं प्रमाण चार पीपीएमने वाढायचं. अकरा आठवड्यांत तेहतीस गोळ्या. हा गुणाकार कुणीही करू शकलं असतं. पण गोळीच्या डब्यावर हे कुठेही मराठीत लिहिलेलं नव्हतं आणि दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

हे आम्ल मोजायची पद्धत मला फार आवडते. एक उभी नळी असते, तिच्या तळाशी काळा ठिपका. हौदाच्या पाण्यात औषध मिसळलं की पाणी ताकासारखं पांढुरकं होतं. ते थोडं थोडं नळीत ओतायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. आम्ल जितकं जास्त तितका ठिपका लवकर बुडतो. मी ओतायला लागले आणि नळी पुरती भरायच्या किती तरी आधीच ठिपका गेला. तिथे आकडेच नव्हते. शेवटचा आकडा शंभर. मग हौदाचं पाणी आणि विहिरीचं पाणी निम्मं-निम्मं करून पुन्हा परीक्षा केली. पासष्टवर ठिपका बुडाला. दुप्पट करा. एकशे तीस.

एवढं आम्ल असलं की ते क्लोरीनला इतकं घट्ट धरतं की काम करायला मोकळा क्लोरीन फार थोडा उरतो. किटमध्ये तीन दिसतो, पण शेवाळ त्याला जुमानत नाही. पाणी म्हणूनच हिरवं पडलं होतं. आणि हे आम्ल कमी करायचा घरगुती मार्ग एकच: पाणी काढून नवं भरणं. निम्मं काढलं तर निम्मं होतं. म्हणून साडेतेरा हजार लिटर, आणि पुन्हा साडेतेरा हजार. एकशे तीसचे पासष्ट, पासष्टचे तेहतीस. सोडण्याआधी हौद तीन दिवस तसाच ठेवून क्लोरीन जवळजवळ शून्यावर येऊ दिला, मगच झाडांना दिलं. धाकटी नात पाइपाजवळ उभी राहून विचारत होती, "आजी, हे पाणी खराब झालं का?" मी तिला खरं तेच सांगितलं. पाणी खराब नव्हतं, ते आपण मोजलं नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. नवं पाणी, तेहतीस पीपीएम आम्ल, पाणी नितळ. संध्याकाळी टीसीएल टाकून क्लोरीन तीनवर आणला. सकाळी सहाला पाहिला तर अर्धा पीपीएम.

रात्री ऊन नसतं. ज्याला हौदातला क्लोरीन टिकवायचा आहे त्याने एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी खूप झालं. सूर्य मावळल्यावर एकदा मोजा, उगवण्याआधी पुन्हा मोजा. रात्रीत एक पीपीएमहून जास्त घट आली, तर क्लोरीन उन्हाने उडालेला नाही, पाण्यातलं काही तरी तो खातंय. घट फक्त दिवसाच येत असेल तर दोष उन्हाचा. फेब्रुवारीत ही परीक्षा कुणी केली असती तर एकही गोळी टाकावी लागली नसती, कारण मुलाची तक्रार पहिल्यापासून सकाळचीच होती. संध्याकाळी टाकलेला, सकाळी गायब. उत्तर त्या वाक्यातच होतं.

मग खाणारा कोण? शेवाळ नव्हतं. पाचट जाळल्यावर उसाच्या फडातून काळी राख उडत येते, चैत्रात कडुनिंबाचा फुलोरा पाण्यावर तरंगतो, तेही क्लोरीन खातं. पण तेव्हा मे होता आणि जाळीने पाणी रोज स्वच्छ होत होतं. मी गुलाबी थेंब काढले.

आपल्या गावांत क्लोरीनची परीक्षा म्हणजे ओटी टेस्ट. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाचं पाणी कुपीत घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. नळाला ०.२ पीपीएम उरला पाहिजे हा नियम त्याला पाठ असतो. गावाच्या नळासाठी ही परीक्षा खूप काम करून गेली आहे. पण हौदासाठी ती अपुरी, कारण पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनला येतो तसाच बांधलेल्या क्लोरीनलाही येतो. बांधलेला म्हणजे घाम, लघवी, अमोनिया, युरिया यांतल्या नायट्रोजनला चिकटलेला. तो जंतू मारण्यात अगदी दुबळा, आणि डोळे चुरचुरतात ते त्याच्याचमुळे. ज्याला आपण 'क्लोरीनचा वास' म्हणतो तो बहुतेक वेळा या क्लोरामिनचा वास असतो. हौदाला उग्र वास येतोय म्हणून लोक क्लोरीन कमी करतात, तेव्हा नेमकं उलट करायला हवं असतं. मुलाच्या किटमध्ये पिवळीच बाटली होती.

माझ्या पेटीत डीपीडी होतं. पहिल्या औषधाने पाणी गुलाबी होतं, ते फक्त मोकळ्या क्लोरीनला. त्याच कुपीत पुढचं औषध टाकलं की बांधलेलाही धरून एकूण क्लोरीन दिसतो. मी कुपी पहाटेच्या उजेडात पांढऱ्या भिंतीसमोर धरली. पहिल्यांदा गुलाबी रंग जेमतेम, ०.४. दुसरं औषध टाकलं आणि कुपी जांभळाच्या सालीसारखी गडद झाली. २.२. म्हणजे १.८ पीपीएम क्लोरीन कशाला तरी बांधला गेला होता, आणि पोरं तर पंधरा दिवसांत पाण्यात उतरलीच नव्हती. नायट्रोजन आला कुठून?

संध्याकाळी गड्याबरोबर मोटारीच्या खोलीत गेले. एकाच खोलीत हौदाची गाळणी, ठिबकची खताची टाकी, कोपऱ्यात युरियाची गोणी. भिंतीला एक निळी बादली अडकवलेली. गड्याने ती काढली आणि टीसीएल ओतायला लागला. मी त्याचा हात धरला. बादलीच्या बुडाशी कडेने पांढरा थर जमला होता, बोटाने खरवडला तर खडे सुटले. त्याच बादलीत तो सकाळी ठिबकसाठी युरिया विरघळवायचा. माझ्या मुलाने किंवा मी त्याला दुसरी बादली दिली नव्हती, आणि का द्यायची हे सांगितलंही नव्हतं. गडी म्हणाला, "बाई, पावडर टाकली की बादलीतून नाकात झिणझिण्या यायच्या. मला वाटलं पावडरच तशी हाय."

नाकात झिणझिण्या. युरिया आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की विषारी वायू सुटतात, आणि त्यातला नायट्रोजन ट्रायक्लोराइड स्फोटकही असतो. तीन महिने तो माणूस रोज संध्याकाळी त्या बादलीवर वाकत होता. मला हौदापेक्षा त्याची जास्त भीती वाटली. त्याला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं, छाती स्वच्छ निघाली.

हिशोबही करून पाहिला. पन्नास ग्रॅम युरिया, म्हणजे एक मूठ, त्यात तेवीस ग्रॅम नायट्रोजन. तो संपवायला सुमारे दोनशे ग्रॅम क्लोरीन लागतो. आमच्या सत्तावीस हजार लिटरमध्ये ते सात-साडेसात पीपीएम होतात. बादलीच्या बुडाला चिकटलेला थर रोज थोडा थोडा हौदात जात होता आणि जितका क्लोरीन टाकावा तितका गिळत होता. लहान मुलाची लघवीही हेच करते, तिच्यातही युरियाच. पोहण्याआधी अंघोळ आणि मोरीत जाऊन येणं हा म्हणूनच शिष्टाचार नाही, रसायनशास्त्र आहे.

नवी पिवळी बादली आणली, तिच्यावर लाल रंगाने 'फक्त हौद' लिहिलं. युरियाची गोणी गोठ्याकडे हलवली. एका संध्याकाळी पाऊण किलो दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट वेगळ्या पाण्यात विरघळवून हौदात टाकलं, बांधलेल्या क्लोरीनच्या दहापट मोकळा क्लोरीन दिला की ती गाठ सुटते. ज्यांच्याकडे गोळ्या आणि हे दाणे दोन्ही असतील त्यांनी एकाच डब्यात, एकाच चमच्याने, ओल्या हाताने ते कधीही हाताळू नयेत. एकमेकांत मिसळले तर पेट घेतात. तीन दिवस पोरांना लांब ठेवलं. चौथ्या दिवशी सूर्य मावळताना ३.१, पहाटे २.८. मी ती कुपी सुनेला दाखवायला घरात घेऊन गेले.

तेव्हापासून आमची रीत ठरली आहे. रोज संध्याकाळी टीसीएल बादलीतल्या पाण्यात कालवून अर्धा तास ठेवायचं, चुना खाली बसला की वरची निवळ तेवढी टाकायची. चुना हौदात गेला तर टाइल्सवर पांढरे चट्टे पडतात आणि आपलं विहिरीचं पाणी आधीच जड. दिवसाची दीड पीपीएमची घट भरून काढायला आम्हाला तेहतीस टक्क्यांचं टीसीएल सव्वाशे ग्रॅम पुरतं. पण गोणीवरचे तेहतीस टक्के गोणी उघडल्यावर राहत नाहीत. उन्हात, ओलीत, तोंड उघडं राहिलं की पावडर मरते. सरकारी पाणी तपासणीत वीस टक्क्यांखालची पावडर बाद धरतात. तीच पावडर वीसवर आली तर मला सव्वाशेऐवजी दोनशे ग्रॅम लागतील, आणि न मोजता टाकणाऱ्याला वाटेल की ऊन वाढलं.

दुसरा आकडा पीएचचा. आमच्या विहिरीचं पाणी ८.२. त्या पीएचला क्लोरीनचा जेमतेम पाचवा भाग काम करणाऱ्या आम्लाच्या रूपात असतो, बाकीचा सुस्त. ७.५ ला निम्मा कामाला लागतो. म्हणजे तेवढ्याच पावडरीत अडीचपट काम, फक्त आठवड्यातून एकदा मोजून थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, आणि क्लोरीन टाकायच्या वेळी तर आम्लाची बाटली खोलीतही आणायची नाही. वर्गात मी हे वाक्य तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. आता ते मोटारीच्या खोलीच्या दारावर आहे.

काहींना वाटेल, घरच्या हौदासाठी एवढा खटाटोप कशाला, आपण विहिरीतच पोहायला शिकलो. विहिरीतल्या पोहण्यावर माझं प्रेम आहे. पण विहिरीला खालून पाझर असतो, पाणी खोल आणि थंड असतं. चार फुटांचा टाइल्सचा हौद मे महिन्यात कोमट होतो, बंद असतो, आणि चार घरची पोरं एकाच वेळी त्यात तोंड बुडवतात. केरळात २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत कोमट गोड्या पाण्यातल्या नेग्लेरिया अमिबाने मुलं दगावली. तो नाकावाटे मेंदूत शिरतो. पुरेशा मोकळ्या क्लोरीनमध्ये तो जगत नाही. एक पीपीएम क्लोरीन आणि योग्य पीएच असेल तर अतिसाराचा घातक ई. कोलाय मिनिटाच्या आत मरतो, हिपॅटायटिस ए सुमारे पंधरा मिनिटांत. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र दहा दिवस टिकतो. म्हणून जुलाब लागलेलं पोर हौदात उतरवायचं नाही, मग ते कितीही रडो. व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइसने १८४७ साली डॉक्टरांना याच ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एकदम खाली आले. इतक्या जुन्या, इतक्या खात्रीच्या औषधाला आपण अंदाजपंचे वापरतो याचं मला वाईट वाटतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. तलावाचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने पहिली गोणी किंवा पहिली गोळी विकताना मोजायची पेटी सोबत द्यावी, आणि गोळीच्या डब्यावर ठसठशीत मराठीत लिहिलेलं असावं की हिच्यात सायन्युरिक आम्ल आहे आणि ते पाण्यात साठत जातं. दोन ओळींचा मजकूर आहे. तो असता तर आमचं पाणी वाचलं असतं. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर आमच्या परिसरात शेतावर पाहुणे येऊ लागले आहेत. चांगली गोष्ट आहे. अशा प्रत्येक केंद्राच्या तलावापाशी फळा असावा आणि त्यावर सकाळ-संध्याकाळचा मोकळा क्लोरीन आणि पीएच खडूने लिहावा. ग्रामपंचायतींना पाण्याच्या सर्वेक्षणात लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं आणि लाल कार्ड आलं की सरपंच हलतो, हे मी पाहिलंय. शहरातून पोरांना घेऊन आलेल्या आईबापांनाही पाण्यात उतरण्याआधी एक आकडा वाचता यायला हवा. फळा रिकामा असेल तर त्यांनी पोरांना उतरवू नये.

आणि शाळांना विनंती आहे. नववी-दहावीच्या पोरांना आम्ल-आम्लारी शिकवताना लिटमस बाजूला ठेवून एकदा गावच्या टाकीचं पाणी आणि गोणीतलं टीसीएल तपासायला द्या. माझा मोठा नातू आठवीत आहे. हौदाची वही आता तो लिहितो: तारीख, वेळ, मोकळा, एकूण, पीएच, कोण पोहलं, काय टाकलं. मागच्या महिन्यात त्याने मला येऊन सांगितलं, "आजी, शेजारी फडात युरिया फोकला त्या दिवशी वारा आपल्याकडे होता. सकाळी बांधलेला वाढलाय बघ." मी वही पाहिली. ०.१ वरून ०.५. आता शेजारच्या फडाला खत देणार असतील त्या दिवशी आम्ही हौदावर ताडपत्री ओढतो.

परवा पलीकडच्या वस्तीवरून एक जण आला होता. त्यांच्या नव्या बंगल्यामागे आमच्यापेक्षा मोठा हौद आहे, चाळीस हजार लिटरचा. क्लोरीन टिकत नाही, पाणी सोडून नवं भरायचं म्हणून मोठा पंप मागायला आला होता. मी पंप दिला नाही. त्याच्या हौदाचं पाणी बाटलीत मागवून घेतलं, ठिपका पाहिला, सायन्युरिक आम्ल चाळीस आहे. म्हणजे पाणी बदलायचं कारणच नाही. आज सूर्य मावळल्यावर नातू आणि मी जाऊन त्याच्याकडे क्लोरीन मोजून आलो. वहीत लिहिलंय: २.६. उद्या पहाटे साडेपाचला पुन्हा जायचंय, त्याआधी त्याने पाण्यात काहीही टाकायचं नाही असं ठरलंय. येताना मी त्याच्या मोटारीच्या खोलीतही डोकावले. तिथे तीन बादल्या आहेत.